आजीचं रविवारचं लुगडं

आज पवित्र शनिवार, ईस्टरचा आदला दिवस, ११ एप्रिल २०२०. येशू कबरेत आहे, वेदीवरचं कापड काढलेलं आहे, घंटा गुरुवारपासून गप्प आहेत. एरवी या वेळेला आमच्या वसईत घराघरांत इस्त्रीचे कपडे बाहेर निघालेले असतात, मेणबत्त्यांना पुठ्ठ्याच्या चकत्या लावून झालेल्या असतात आणि रात्रीच्या पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणाला पुढची जागा मिळावी म्हणून बायकांची घाई चाललेली असते. यंदा चर्चच्या फाटकाला कुलूप आहे. आजच मुख्यमंत्र्यांनी कोरोनाची टाळेबंदी ३० एप्रिलपर्यंत वाढवल्याचं सांगितलं. तीन आठवडे मनात साठलंय, ते आज लिहिते.

२२ मार्चपासून सुरुवात करते. जनता कर्फ्यूचा तो रविवार. आमची आजी ८४ वर्षांची. आदल्या रात्री तिला दोनदा सांगितलं होतं की उद्या मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, नाही. तरी सकाळी सहाला ती लाल लुगडं नेसून, हातात जपमाळ घेऊन ओट्यावर बसलेली. मी पुन्हा समजावलं तर म्हणाली, “देवाच्या घराला कुलूप लावायची कुणाची हिंमत झाली?” २००५ च्या पुरानंतरच्या रविवारी ही बाई गुडघाभर चिखलातून चर्चला गेली होती. तिच्यापुढे मी काय बोलणार? त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आम्ही घरीच बायबल उघडलं. त्या रविवारचं शुभवर्तमान होतं योहानाच्या नवव्या अध्यायातलं, जन्मांध माणसाचं. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापाच्या? येशू म्हणतो, याच्याही नाही आणि आईबापाच्याही नाही. मी वाचत होते आणि शेजारी फोन वाजत होता. व्हॉट्सॲपवर आमच्याच लोकांचे मेसेज: ही देवाची शिक्षा आहे, जग पापात बुडालं म्हणून हे आलं. ज्या दिवशी जगभरच्या कॅथलिकांनी तो अध्याय वाचायचा होता, नेमक्या त्याच दिवशी! आजारी माणसाकडे बघून ‘पाप कुणाचं?’ हा हिशेब मांडणं येशूने स्वतः मोडून काढलंय. ज्या घरातला माणूस आयसीयूत आहे त्या घराला असा मेसेज पाठवणाऱ्याने तो अध्याय एकदा शांतपणे वाचावा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरा प्रकार बायबलमधल्या स्तोत्र ९१ चा. ‘मरी तुझ्या घराजवळ येणार नाही’ अशा अर्थाच्या त्या ओळी मलाही पाठ आहेत, रात्री झोप येत नाही तेव्हा मीही त्याच म्हणते. पण मार्चच्या शेवटी आमच्या नात्यातल्या एकांनी घरी पंचवीस-तीस जणांची प्रार्थनासभा ठेवायचं ठरवलं. मी नको म्हणाले तर मला ऐकवलं, “तुझा विश्वास कमी पडतोय.” मी दोन दिवस रडले. मग मत्तयचा चौथा अध्याय काढून त्यांना फोनवर वाचून दाखवला. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, घे उडी, देवदूत तुला हातांवर झेलतील, असं शास्त्रातच लिहिलंय. ते कुठे लिहिलंय? याच स्तोत्र ९१ मध्ये. आणि येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहू नको, असं उत्तर देतो. सभा रद्द झाली. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण सभा रद्द झाली.

ही भीती मी मनाने रचलेली नाही. फ्रान्समध्ये म्युलूझ नावाचं शहर आहे. तिथे १७ ते २१ फेब्रुवारीला एका मोठ्या चर्चमध्ये उपवास-प्रार्थनेचा आठवडा झाला. दोन हजारांवर लोक आले होते, भजनं म्हणाले, एकमेकांना मिठ्या मारल्या, आपापल्या गावी परतले. फ्रान्सभर आजार पसरायला तिथून मोठा हातभार लागला. ती माणसं वाईट नव्हती. आपल्यासारखीच प्रार्थनेला आलेली होती आणि तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं. म्हणून सध्या एका विशिष्ट धर्माच्या लोकांकडे बोट दाखवून जे काही पसरवलं जातंय, त्यात ख्रिस्ती माणसाने एका शब्दाचीही भर घालू नये. फ्रान्समध्ये जे घडलं ते आपल्याच, ख्रिस्ती घरात घडलंय.

आता आजीच्या प्रश्नाकडे येते. देवाच्या घराला कुलूप लावायची हिंमत याआधीही झालेली आहे, आणि ज्यांना आपण संत मानतो त्यांच्या काळात झालेली आहे. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग आला. लोकांना घराबाहेर पडायला मनाई झाली. तिथले आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे लोकांना आपापल्या खिडकीतून मिस्सा दिसावी. स्वतः मात्र ते रोग्यांमध्ये फिरत राहिले. त्याच्याही आधी, १५२७ मध्ये, विटेनबर्गच्या प्लेगच्या वेळी मार्टिन लुथरने लिहून ठेवलंय की मी औषध घेईन, घरात धुरी देईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, पण शेजाऱ्याला माझी गरज लागली तर मागे हटणार नाही. एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट, आणि दोघांची रीत एकच.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? माझं आजोळ वांद्र्याचं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातलं. लहानपणी तिथल्या गल्लीतल्या क्रूसापाशी मे महिन्यात संध्याकाळी रोझरी असायची, नंतर आम्हाला उकडलेले चणे मिळायचे. मुंबईच्या गावठाणांतले असे कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगमध्ये उभारलेले आहेत. लोक गल्लीतच, आपल्या दाराशी, मोकळ्या हवेत गुडघे टेकत. आणि मांडवीतला तो ताप गाठीचा प्लेग आहे, हे पहिल्यांदा ओळखून सांगणारे डॉक्टरही आपलेच, गोव्याचे अकासियो व्हिएगस. धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. क्रूस आणि तो पुतळा माझ्या मनात शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांना वेगळं करायला कुणी सांगितलं तर मला ते जमणार नाही.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी टीव्हीवर मिस्सा लावली तेव्हा ती पुन्हा लाल लुगडं नेसून आली आणि खुर्चीवर न बसता उभी राहायची तेव्हा उभी राहिली, गुडघे टेकायचे तेव्हा टेकले. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, म्हणजे पवित्र भाकर देतात तेव्हा, मात्र मला बघवलं नाही. फादरांनी ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हटलं, आजीने डोळे मिटले, जुन्या पद्धतीप्रमाणे तोंड किंचित उघडलं, क्षणभर थांबली, आणि तसंच मिटून घेतलं.

म्हणून ‘ऑनलाइन मिस्सा म्हणजे तीच मिस्सा’ असं कुणी म्हटलं की मला ते मान्य होत नाही. ती तीच नाही. संत आल्फोन्ससची आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची प्रार्थना आम्ही रोज म्हणतो, तिचा अर्थच असा की आत्ता तू मला प्रत्यक्ष मिळत नाहीस, म्हणून निदान मनाने ये. ही भूक आहे. ती भूक म्हणून राहू दे, पडद्यावर भागली असं सांगून तिला गप्प करू नका. मला वाटतं, या दिवसांत माझ्यापाशी विश्वास म्हणून जे काही उरलंय ते या भुकेतच आहे.

आजीची आणखी एक काळजी होती. ईस्टरच्या आधी धर्मगुरूपुढे पापनिवेदन झालं नाही. साठ-सत्तर वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. २० मार्चला पोप फ्रान्सिस प्रवचनात म्हणाले होते की धर्मगुरू मिळत नसेल तर थेट देवाशी बोला, मनापासून पश्चात्ताप करा, पुढे जमेल तेव्हा पापनिवेदन करा. चर्चची ही शिकवण नवी नाही, फक्त आम्हाला तिची कधी गरज पडली नव्हती. आजी परवा मागच्या दारी केळीखाली एकटीच बराच वेळ बसली होती. मी विचारलं नाही.

२७ मार्चच्या रात्री साडेदहाला आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. रोमचा तो रिकामा चौक, पाऊस, आणि पांढऱ्या झग्यातला एकटा म्हातारा माणूस, पोप फ्रान्सिस. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांवरून फिरवलेला सान मार्चेल्लो चर्चचा लाकडी क्रूस तिथे आणून ठेवला होता आणि त्यावरून पाणी ओघळत होतं. वाचन होतं मार्कातलं वादळाचं, येशू होडीत झोपलेला आणि शिष्य ओरडतायत, आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का? मला तो ओरडाच प्रार्थना वाटला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. इथे आमच्या जवळ, विरारच्या पुढे महामार्गावर, पायी गावाकडे निघालेल्या चार मजुरांना टेम्पोने चिरडलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचं, २९ मार्चचं, शुभवर्तमान होतं लाजराचं. मार्था येशूला म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिला रागवत नाही. थोड्या वेळाने तो रडतो. मी त्या दिवशी प्रार्थनेत दुसरं काही बोलू शकले नाही, मार्थाचंच वाक्य म्हणत राहिले. आमच्या वाडीतल्या मुलांनी त्या संध्याकाळपासून महामार्गावर जेवण आणि पाणी न्यायला सुरुवात केली. तोंडाला रुमाल बांधून, लांबून ठेवून.

आज रात्रीचं सांगते. मागच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, रात्री नऊला सगळ्यांनी नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा आजी म्हणाली होती, “हे आपण शनिवारी करतो.” आमच्या गल्लीत सात घरं आहेत. नेहमीसारखी एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याने आपली पेटवायची, ते यंदा शक्य नाही. म्हणून असं ठरलंय की सगळ्यांनी दिवे मालवून आपापल्या ओट्यावर उभं राहायचं, आणि शेजारच्या ओट्यावर ज्योत दिसली की आपली पेटवायची. आजीने गेल्या वर्षीच्या जागरणातली अर्धी उरलेली मेणबत्ती ट्रंकेतून काढून ठेवली आहे. लुगडं खुर्चीवर घडी घालून तयार आहे. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून होईल.