वॉलपेपर बदला, एवढंच तर काम आहे

"सोमवारपासून सगळ्या कॉम्प्युटरवर कंपनीचं वॉलपेपर दिसलं पाहिजे," असं साहेब म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक बटण असतं. दाबलं की झालं. बटण आहेही. विंडोज 2000 पासून ते ग्रुप पॉलिसी या नावाने सर्व्हरवर आहे: सेटिंग एका ठिकाणी ठरवायचं, लागतं सगळ्यांना. दाबणाऱ्याचं काय होतं, ते मात्र साहेबांना कोणी सांगत नाही.

आधी काम करू. ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट उघडून नवा जीपीओ, म्हणजे सेटिंग्जचा एक गठ्ठा, करायचा. मग यूजर कॉन्फिगरेशन, पॉलिसीज, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, डेस्कटॉप आणि त्याच्या आत पुन्हा डेस्कटॉप. दोनदा का, हे विचारायचं नसतं. तिथे 'डेस्कटॉप वॉलपेपर' एनेबल करून चित्राचा पत्ता द्यायचा. बरेच जण इथेच गारद होतात. पत्ता दिला जातो डी ड्राइव्हवरच्या फोल्डरचा, आणि ते फोल्डर असतं फक्त देणाऱ्याच्या मशीनवर. त्याच्या स्क्रीनवर लोगो झळकतो, बाकी ऑफिसभर काळोख. लोकांना तो काळोख बदलताही येत नाही, कारण सेटिंग्जमध्ये लिहून येतं की हे तुमची संस्था सांभाळते. चित्र नेटलॉगॉन शेअरवर, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये, ठेवावं आणि ते सगळ्यांना वाचता येतं का हे साध्या यूजरच्या लॉगिनने पाहावं. अ‍ॅडमिनला सगळंच उघडतं, त्यामुळे त्याची साक्ष ग्राह्य नाही.

मग जीपीओ ओयूला, म्हणजे यूजर किंवा कॉम्प्युटर ज्यात ठेवतात त्या कप्प्याला, जोडायचा. सेटिंग यूजरचं आहे, म्हणजे यूजर ज्या ओयूत आहेत तिथे. कॉम्प्युटरांच्या ओयूला जोडलं तर काहीही होत नाही, आणि 'काहीही होत नाही' याची एरर येत नाही. मग कोणीतरी लूपबॅक सुचवतं, म्हणजे मशीनच्या ओयूवरची यूजर सेटिंग्ज तिथे बसणाऱ्याला लावायची. लूपबॅकमध्ये मर्ज आणि रिप्लेस असे दोन प्रकार आहेत. रिप्लेस निवडलं की त्या मशीनवर बसणाऱ्यांच्या स्वतःच्या यूजर पॉलिसी रद्द होतात, त्यात मॅप केलेले ड्राइव्हही जातात. वॉलपेपर येतं, टॅलीचा फोल्डर जातो, आणि अकाउंट्समधून फोन सुरू होतात.

नवे यूजर आणखी गमतीचे. ते आपसूक 'यूजर्स' नावाच्या जागी पडतात. दिसायला ती ओयूसारखीच, पण ती निव्वळ कंटेनर. तिला जीपीओ जोडताच येत नाही. डोमेनला, म्हणजे कंपनीच्या सगळ्या यूजर-मशीनच्या जाळ्याला, जोडलेलं तिथे पोहोचतं, ओयूला जोडलेलं नाही. मशीनचंही 'कॉम्प्युटर्स'मध्ये तेच होतं. रीडिर्यूजर (redirusr) आणि रीडिरकॉम्प (redircmp) या दोन कमांड एकदा चालवून ठेवल्या की नवे लोक थेट आपल्या ओयूत येतात.

सोमवार उजाडतो.

"अहो दादा, माझ्याकडे अजून नातवाचाच फोटो आहे."
"मॅडम, एकदा लॉग ऑफ करून या."
"केला की मगाशी मॉनिटर बंद."

आता सगळं आयटी खातं एकच मंत्र म्हणू लागतं: जीपीअपडेट फोर्स, म्हणजे मशीनला पॉलिसी आत्ताच पुन्हा आणायला लावणारी कमांड. या कमांडइतकं फाजील कौतुक दुसऱ्या कशाचं झालं नसेल. मशीन एरवीही दर 90 मिनिटांनी, वर 0 ते 30 मिनिटांचा नशिबाचा भाग धरून, पॉलिसी विचारायला जातंच. फोर्सने एवढंच होतं की न बदललेली सेटिंग्जही पुन्हा लागतात. चुकीच्या ओयूला जोडलेली पॉलिसी दहा वेळा फोर्स मारला तरी चुकीच्याच ओयूत राहते. शिवाय वॉलपेपरला पुन्हा लॉगिन लागतंच.

खरं औषध जीपीरिझल्ट ही कमांड. स्लॅश एच देऊन फाइलचं नाव दिलं की एचटीएमएल रिपोर्ट मिळतो: कोणत्या पॉलिसी लागल्या, कोणत्या नाकारल्या आणि का. हा रिपोर्ट कोणी वाचत नाही, कारण तो लांब असतो. तो वेगळ्या अ‍ॅडमिन अकाउंटने चालवला तर त्या अ‍ॅडमिनचा रिपोर्ट मागितला जातो, आणि तो त्या मशीनवर कधी बसलेलाच नसेल तर त्याच्याबद्दल माहिती नाही असं उत्तर येतं. मॅडमच्याच लॉगिनने चालवा. कॉम्प्युटरचा भाग हवा असेल तरच अ‍ॅडमिन म्हणून, तेही स्लॅश यूजर देऊन. नाकारण्याच्या कारणांत 'अननोन रीझन' असंही एक कारण आहे. एवढा प्रांजळपणा सरकारी पत्रातही सापडत नाही.

सगळ्यात छळणारा प्रकार जून 2016 चा. त्या महिन्यातल्या एमएस16-072 या सुरक्षा अपडेटनंतर यूजरच्या पॉलिसी यूजरच्या नव्हे, तर कॉम्प्युटरच्या ओळखीने वाचल्या जाऊ लागल्या. ज्यांनी सिक्युरिटी फिल्टरिंगमधून, म्हणजे पॉलिसी कोणाला लागावी या यादीतून, ऑथेंटिकेटेड यूजर्स (लॉगिन केलेले सगळे, मशीनसुद्धा) काढून तिथे फक्त 'सेल्स' ग्रुप ठेवला होता, त्यांच्या पॉलिसी गप्प झाल्या. उपाय सोपा आहे: डेलिगेशन टॅबमध्ये ऑथेंटिकेटेड यूजर्स किंवा डोमेन कॉम्प्युटर्सना फक्त रीड द्या, अप्लाय नको. सोपा आहे म्हणूनच आजही विसरला जातो.

पॉलिसी लागण्याचा क्रम लोकल (मशीनवरची), साइट (एका जागेचं नेटवर्क), डोमेन, ओयू. शेवटी बोलेल त्याचं खरं. एकाच ओयूवर दोन असतील तर लिंक ऑर्डर 1 वाली जिंकते. ब्लॉक इन्हेरिटन्स म्हणजे वरून येणाऱ्या पॉलिसी रोखायला फ्लॅटला आतून लावलेली कडी, आणि एन्फोर्स्ड म्हणजे कडी असली तरी आत येणारा सोसायटीचा चेअरमन. माझं मत विचाराल तर दोन्ही वापरू नयेत. ज्या डोमेनमध्ये दोन्ही सढळ हाताने वापरलेले दिसतात, तिथला आधीचा अ‍ॅडमिन नोकरी सोडून गेलेला असतो.

एखादं मशीन मात्र कशालाच बधत नाही. आधी त्याचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, पाहा. इंटरनेट जोरात चालावं म्हणून कोणीतरी तिथे गूगलचं 8.8.8.8 टाकलेलं असतं, आणि गूगलला तुमचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा आणि पॉलिसी देणारा सर्व्हर, कुठे बसतो हे ठाऊक नसतं. मग घड्याळ पाहा. केर्बेरॉस ही ओळख तपासणारी पद्धत पाच मिनिटांपर्यंतचा फरक खपवून घेते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर2032 सेल मेला की मशीन दर सकाळी जुन्याच कुठल्यातरी वर्षात जागं होतं आणि कंट्रोलर त्याला ओळख देत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 1058 दिसला तर पॉलिसीची जीपीटी डॉट आयएनआय ही फाइल वाचता आली नाही. म्हणजे सिसव्हॉलकडे, कंट्रोलरवरच्या पॉलिसींच्या फोल्डरकडे, मोर्चा वळवावा.

जीपीओचे दोन तुकडे असतात, एक अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे यूजर आणि मशीनच्या नोंदवहीत, दुसरा सिसव्हॉलमध्ये, आणि दोघे वेगवेगळ्या वाटेने प्रवास करतात. दोन साइटमधली डिरेक्टरीची देवघेव मुळात 180 मिनिटांनी ठेवलेली असते. त्यामुळे नागपूर शाखेतून "आमच्याकडे काहीच नाही" असा फोन आला तर चहा घ्यावा. चहानंतरही काही नसेल तर रेपअ‍ॅडमिन स्लॅश रेप्लसमरी, म्हणजे देवघेव कुठे अडली ते सांगणारी कमांड.

आणि एकदाचं सगळीकडे लागलं की मार्केटिंगवाले दिवाळीचं चित्र पाठवतात, 4के, छपाईला पाठवतात तेवढ्याच वजनाचं. नेटलॉगॉनमधली प्रत्येक फाइल प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर जाते, तेव्हा आधी ती बारीक करा. जुन्या चित्रावर त्याच नावाने ठेवलं तर लोकांना जुनंच दिसत राहण्याची दाट शक्यता, कारण विंडोज त्याची एक प्रत प्रोफाइलमध्ये ट्रान्सकोडेड वॉलपेपर नावाने जपून ठेवतं. फाइलला दरवेळी नवं नाव द्या आणि जीपीओत पत्ता बदला. नेटलॉगॉनमध्ये डोकावलं की म्हणूनच 'दिवाळी फायनल', 'दिवाळी फायनल 2' आणि 'दिवाळी खरंच फायनल' एका ओळीत बसलेले दिसतात, आणि चालू आहे ते पहिलंच.