कूपनं, रिवॉर्ड्स आणि ‘दुकानांचा सापळा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं, की अमेरिकेतली औषधांची दुकानं आवळा देऊन कोहळा काढतात, दहा डॉलर परत देण्याच्या नावाखाली तीस खर्च करायला लावतात, आणि कूपनांबद्दल लिहून नव्याने इथे आलेल्या मराठी कुटुंबांना मी तेच शिकवते. यात आपली माहिती विकली जाते आणि स्मार्टफोन नसलेल्या तुमच्या सासूबाईंना हे जमणार कसं, असंही तुम्ही विचारता; त्यापेक्षा हे सगळं सोडाच, म्हणता. शिवाय तीच वस्तू वॉलमार्टमध्ये मुळातच स्वस्त मिळते.

शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा खरा आहे. सीव्हीएस किंवा वॉलग्रीन्स या औषधांच्या दुकानांच्या साखळ्यांत बऱ्याच वस्तूंची छापील किंमत जास्तच असते. कूपन नसेल तर तिथून शॅम्पू उचलू नये, असं मलाही वाटतं. पण सवलती एकावर एक लागल्या की हिशेब बदलतो. समजा, टूथपेस्ट ५ डॉलरची आहे. तिच्यावर कंपनीचं १ डॉलरचं कूपन आणि दुकानाचं १ डॉलरचं कूपन अशी दोन्ही सीव्हीएसमध्ये चालतात. कंपनीच्या कूपनाचे पैसे दुकानाला कंपनीकडून मिळतात, त्यामुळे कॅशियरशी हुज्जत घालायची वेळ येत नाही. बिल झालं ३ डॉलर. (अनेक राज्यांत विक्रीकर कंपनीचं कूपन वजा करण्याआधीच्या रकमेवर लागतो, म्हणून पावतीवर काही सेंट जास्त दिसले तर ती चूक नव्हे.) वर २ डॉलरचे एक्स्ट्राबक्स, म्हणजे सीव्हीएसमध्येच पुढच्या खरेदीला वापरायचे बक्षिसाचे पैसे, मिळाले.

तुमचा राग इथे अगदी रास्त आहे. ही टूथपेस्ट एका डॉलरला पडली असं लोक सांगत सुटतात. ती तीनलाच पडलेली असते. ते दोन डॉलर त्याच दुकानात चालतात, त्यांना मुदत असते आणि प्रिस्क्रिप्शनच्या औषधांना ते वापरता येत नाहीत. म्हणून मिळाल्या दिवशी मी वहीत त्यांच्यापुढे शून्य लिहिते. घरात एरवीही आणावीच लागली असती अशी वस्तू त्यातून आली, की मगच आकडा भरते. या पद्धतीने हिशेब ठेवला तर ‘तीसवर दहा परत’वाल्या निम्म्याअधिक योजना यादीतून आपोआप गळतात. आणि सीव्हीएसमध्ये एरवीच्या खरेदीवर असे परत मिळणारे २ टक्के म्हणजे शंभर डॉलरला दोन डॉलर, तेवढ्यासाठी कुणी दुकान बदलू नये.

पण ‘हे सगळं सोडाच’ हा तुमचा सल्ला मला पटत नाही. गाडी नसलेला विद्यार्थी किंवा एकाच पगारावर चालणारं घर यांना पायी जाण्यासारखं अनेकदा हेच एक दुकान असतं. त्यांना वॉलमार्टचा रस्ता दाखवून काय उपयोग? त्यांचे पैसे इथेच वाचायला हवेत.

आणि ते सगळ्यात जास्त वाचतात ते कूपनाविना, औषधांच्या फळीवर. टायलेनॉलची डबी उचला आणि शेजारची दुकानाच्या ब्रँडची उचला. दोन्हींच्या मागच्या चौकटीत पहिल्याच ओळीत घटक लिहिलेला असतो: ॲसिटामिनोफेन, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, ५०० मिलीग्रॅम. घटक तोच, मात्रा तीच, किंमत मात्र बरीच कमी. ॲडव्हिल आणि आयब्युप्रोफेन, झिरटेक आणि सेटिरिझिन, सगळीकडे हेच. एफएसए किंवा एचएसए (आरोग्याच्या खर्चासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं) खातं असेल तर २०२० पासून ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही त्या पैशांतून घेता येतात.

प्रिस्क्रिप्शनच्या खिडकीवर एक प्रश्न न लाजता विचारा: “विमा न लावता हे कितीला पडेल?” कधीकधी ती किंमत कोपेपेक्षा, म्हणजे विमा असूनही आपल्याला खिशातून भरावा लागणाऱ्या ठरावीक हिश्श्यापेक्षा, कमी निघते. पूर्वी काही करारांमुळे फार्मासिस्टला हे आपणहून सांगता येत नसे. २०१८ च्या कायद्याने ती बंदी उठली. गुडआरएक्ससारखं सवलतीचं कार्डही तिथे दाखवता येतं, पण ते विम्यासोबत चालत नाही आणि भरलेली रक्कम डिडक्टिबलमध्ये (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायच्या रकमेत) आपोआप धरली जात नाही. वर्षभर महागडी औषधं लागणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

आपली माहिती विकली जाते, हा तुमचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने याच गुडआरएक्सवर, ग्राहकांच्या आरोग्याची माहिती फेसबुक आणि गूगलला दिल्याबद्दल कारवाई केली आणि कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं. म्हणून ज्या खरेदीची नोंद कुठे राहू नये असं वाटतं, तिथे फोन नंबर न देता सरळ पूर्ण किंमत भरावी. तेवढी सवलत गेली तरी चालेल.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही म्हणून अडत नाही. सीव्हीएसचं एक्स्ट्राकेअर हे सवलतींचं खातं तुमच्या नंबरावर असू द्या, कूपनं तुम्ही घरूनच ॲपमध्ये कार्डावर चढवा. त्यांनी काउंटरवर फक्त तो नंबर दाबायचा. एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलात तरी पुरे.