मारवा आणि शांततेची वेळ

हॅम्बुर्गमधल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात काचेच्या चौकटीत घरनियमांचा एक कागद टांगलेला आहे. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, दुपारी एक ते तीन शांतता, रविवारी आणि सणासुदीला दिवसभर शांतता, असा त्याचा सारांश. घर घेताना मी त्याखाली हसतमुखाने सही केली, कारण कोणता कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात टाकायचा या प्रकरणापुढे हा नियम मला अगदीच किरकोळ वाटला होता. आपली गायकी अष्टप्रहराच्या चक्रावर चालते, म्हणजे प्रत्येक रागाला दिवसा-रात्रीतली आपली वेळ नेमलेली असते, आणि हे दुसरे चक्र नेमके तिच्यावर आडवे बसवलेले आहे, हे ध्यानात यायला जून महिना उजाडावा लागला.

जूनमध्ये इथे सूर्य पहाटे पाचच्या आत उगवतो आणि रात्रीचे दहा वाजायला थोडी मिनिटे उरली असताना मावळतो. ललत आणि भैरव सूर्योदयाच्या सुमारास गावेत, तर त्या वेळी सारी इमारत नियमाने झोपलेली असते. मारवा, पूरिया, श्री सूर्यास्ताला गावेत, तर षड्ज नीट लागेपर्यंत दहाचे टोले पडतात. मालकंस, दरबारी आणि बागेश्री यांचे नाव काढण्यातही अर्थ नाही आणि सारंगाच्या वाट्याला शेजाऱ्यांची वामकुक्षी आलेली. सकाळी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलांना शिकवायला जातो, त्यामुळे तोडी आणि जौनपुरी आगगाडीतच मनातल्या मनात उरकतात. उरतो भीमपलास, फार तर पटदीप आणि मुलतानी. सलग तीन उन्हाळे मी घरात भीमपलास गातो आहे, आणि गुरुजींनी दिलेल्या साऱ्या विद्येतून घरनियमांना पसंत पडलेला हा एकच राग निघावा याचे मला अजूनही वैषम्य वाटते.

कायदा गाणाऱ्यांच्या मुळावर उठला आहे, असे मात्र मुळीच नाही. एका ट्रंपेटवादकाच्या शेजाऱ्यांनी लढवलेल्या खटल्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2018 साली असा निवाडा दिला की घरातल्या वादनावर सरसकट बंदी घालता येणार नाही, आणि कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी व सुटीला एक ते दोन तास हे ढोबळ प्रमाण मानता येईल. ते वाचून मला भरून आले. पण किती तास वाजवावे हे सांगणाऱ्या न्यायमूर्तींना कोणत्या प्रहरी वाजवावे हा प्रश्नच पडलेला नव्हता, कारण ट्रंपेटला प्रहर नसतो.

दौऱ्यावर निघालो म्हणजे सुटका होईल, ही आशाही फोल ठरली. संगीतशास्त्रकार पंडित भातखंडे यांनी कोमल ऋषभाच्या, म्हणजे उतरलेल्या 'रे'च्या, रागांना संधिप्रकाशाची वेळ नेमून दिली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मुंबईचा संधिप्रकाश असावा. तो दिवेलागणीला येतो आणि शुभंकरोती संपेतो निघून जातो. स्टॉकहोमला जूनच्या अखेरीस सूर्य दहानंतर मावळतो, साडेतीनच्या सुमारास पुन्हा उगवतो आणि मधली सगळी रात्र संधिप्रकाशच असतो. अशा रात्री मारवा कुठे संपवावा आणि ललत कुठे सुरू करावा, हे कोणत्याही घराण्याने सांगून ठेवलेले नाही. तिथल्या मैफलीत संध्याकाळी सात वाजता, खिडकीतून कडक ऊन गुडघ्यावर पडलेले असताना, मी प्रामाणिकपणे मुलतानी मांडला. मध्यंतरात एक काकू कॉफी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सात वाजून गेले की हो! मग यमन का नाही?" मी खिडकीकडे बोट दाखवले. त्यांनी जाऊन पडदा ओढला.

शिकवण्यातही हे घड्याळ पाठ सोडत नाही. न्यू जर्सीतली माझी एक शिष्या शनिवारी सकाळी नऊ वाजता भैरव शिकते. त्या वेळी आमच्याकडे दुपारचे तीन, म्हणजे शांतता नुकतीच संपलेली, आणि हा मेळ मी मोठ्या चातुर्याने साधलेला आहे. पण अमेरिका आपली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत हाच पाठ दुपारी दोनला येतो. मग मी कपड्यांच्या कपाटात शिरतो, दार आतून ओढून घेतो आणि लोकरीच्या चार कोटांमध्ये तोंड खुपसून आंदोलित ऋषभ शिकवतो. डांबरगोळीच्या वासात खर्ज विलक्षण लागतो, हा माझा अनुभव आहे. एप्रिलमध्ये शिष्येच्या आईचा फोन आला. "सर, तिचा आवाज हल्ली घशातच कोंडल्यासारखा का येतो?" मुलगी गुणी आहे, गुरूच्या गळ्यातून येईल ते ती जसेच्या तसे उचलते.

डिसेंबर आला की मात्र सगळे फिटते. सूर्य चारच्या सुमारास मावळतो आणि मारवा पूर्णपणे कायदेशीर होतो. गेल्या वर्षी त्या पहिल्याच संध्याकाळी मी मिरजेचा तानपुरा काढला, मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणजे तो स्वर घ्यायचाच नाही, म्हणून पंचमाची तार चढवून निषादावर आणली, मणी सरकवून ती बारीक जुळवली आणि सहा महिन्यांची भूक भागेपर्यंत गायलो. दुसऱ्या दिवशी दाराखालून एक चिठ्ठी आली. खालच्या मजल्यावरच्या आजींचे ते सुवाच्य, टपोरे अक्षर होते. त्यांनी लिहिले होते की गायनाबद्दल त्यांची तक्रार नाही, मात्र माझ्या वाद्याची एक तार कालपासून चुकीची लागलेली आहे आणि ती मी तातडीने दुरुस्त करून घ्यावी.

रात्री जेवण आटोपून आठच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेलो. तीन उन्हाळे छतातून षड्ज-पंचम ऐकून त्यांचा कान पक्का झालेला होता, आणि वर्ज्य स्वर म्हणजे काय, तो वर्ज्य कोणी केला आणि त्याला ती परवानगी कोणी दिली, हे त्यांना माझ्या जर्मनमध्ये समजावून सांगता सांगता मी नकळत आलापच सुरू केला. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मी धैवतावर ठेहराव घेतला, तशी त्यांनी डोळे उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दहाला पाच कमी आहेत. तुमचा तो पाचवा स्वर उद्या तीननंतर पाहू."