निष्ठावंत, आयात उमेदवार आणि जर्सीची ‘लाईन’

परवा मिरजेहून मावसभावाचा फोन. वीस वर्षं एकाच पक्षात, सतरंज्या उचलण्यापासून बूथवर बसण्यापर्यंत सगळं केलं, आणि नगरसेवकाच्या तिकिटाची वेळ आली तेव्हा एबी फॉर्म गेला आठ दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या माणसाच्या हातात. म्हणतो, "तुमच्या अमेरिकेत बरंय दादा, उमेदवार लोकच ठरवतात." हो म्हणणार होतो, पण जीभ चावली.

कारण सिटिझन झाल्यावर न्यू जर्सीत एडिसनच्या घरी पहिल्यांदा प्रायमरीचं (पक्षाचा उमेदवार निवडायची मतदारांची निवडणूक) सॅम्पल बॅलट, म्हणजे नमुना मतपत्रिका, आली ते अजून आठवतंय. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) पक्षाध्यक्षांचा आशीर्वाद असलेले सगळे, वरच्या पदापासून गावच्या कौन्सिलपर्यंत, एकाच ओळीत. बाकीचे लांब कोपऱ्यात, मधे रिकाम्या चौकटी. बायको म्हणाली, "यांना असं पंगतीबाहेर का बसवलंय?" याला इथं ‘काउंटी लाईन’ म्हणायचे आणि राज्याच्या 21 पैकी 19 काउंट्यांमध्ये हाच प्रकार होता.

2024 ला सिनेटच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी अँडी किम उभे राहिले. माणूस 2018 लाच अमेरिकेच्या संसदेवर निवडून आलेला, म्हणजे बाहेरचा तरी कसा म्हणायचा! समोर तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी, ज्या 2014 पर्यंत रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्या होत्या. तरी मोठमोठ्या काउंट्यांची लाईन त्यांनाच! (निष्ठा कशाशी असते ते इथं कळतं.) किम कोर्टात गेले, मार्चमध्ये टॅमीबाईंनी माघार घेतली आणि काही दिवसांतच फेडरल जजनं डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती लाईनच थांबवली. 2025 मध्ये ती बंद करणाऱ्या कायद्यावर सही कुणाची, तर मर्फी साहेबांचीच.

आता निष्ठावंतांचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. बर्नी सँडर्स सिनेटमध्ये अपक्ष, आणि 2016 ला डेमोक्रॅटिक उमेदवारी मागायला आले तेव्हा माझ्या ओळखीतले जुने डेमोक्रॅट चिडायचे की घर आम्ही बांधलं आणि हा थेट देवघरात. राग समजतो. पण मग मतदारांसमोर भांडा ना, ज्यांना प्रायमरीत कुणी निवडून दिलेलं नाही असे शेकडो सुपरडेलिगेट (पदामुळे उमेदवार ठरवायला मत मिळालेले पक्षाचे नेते) आधीच एका बाजूला उभे करून ठेवायचे, याला निष्ठा नाही म्हणत. समोरच्या हिलरी क्लिंटन यांना मतं तशीही जास्तच पडली होती, उगाच संशय ओढवून घेतला. 2018 ला, चुरस असेल तर अधिवेशनाच्या पहिल्या फेरीतलं सुपरडेलिगेटचं मत पक्षालाच काढावं लागलं.

आपल्याकडं तर भांडायला प्रायमरीच नाही. सांगलीत 2024 ला लोकसभेची जागा महाविकास आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांनी निवडून आले. लोकांनी ठरवलं म्हणायला हरकत नाही, पण विशाल पाटील म्हणजे वसंतदादांचे नातू. माझ्या भावाला ती सोय नाही. त्याला निष्ठावंत असूनही डावलतात तेव्हाही वरचे ठरवतात आणि आयात माणूस आणतात तेव्हाही वरचेच, वीस वर्षांत त्याला उमेदवार निवडायला एक मत म्हणून दिलेलं नाही.

हे सगळं फोनवर त्याला सांगितलं. नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते झालं दादा, पण त्या लाईनीत नाव लागायला भेटायचं कुणाला असायचं?"