तीसच्या स्पीडला मांडी पुरते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘दोन नातवंडांचा आजोबा’ अशी सही केलीत म्हणून काका म्हणते, चालेल ना? बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते. आमची मुलं आईच्या मांडीवर बसून फियाटमधून महाबळेश्वरला गेली, त्यांना काही झालं नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तीसच्या वर जातेच कुठे? तान्ह्या पोराला चाइल्ड सीटमध्ये उलट्या तोंडाने पट्ट्यांनी बांधायचं हे फॉरेनचं खूळ, आणि त्यात पंधरा हजार पाण्यात.

काका, संध्याकाळी सातला लक्ष्मी रोडवर तीस काय, दहाही जात नाही. मान्य. पण तीच गाडी रात्री अकराला कर्वे रोडवर असते, नवले पुलाच्या उतारावर असते, गणपतीला साताऱ्याला जाते. बरं, तुमचा तीसच धरू. राँग साइडने टेम्पो आला, धडक बसली आणि गाडी अर्ध्या मीटरात थांबली. त्या क्षणी 9 किलोचं बाळ धरून ठेवायला साठ किलोहून जास्त वजन पेलण्याइतका जोर लागतो, म्हणजे सिमेंटच्या सव्वा पोत्याएवढा. तोही सेकंदाच्या आठव्या हिश्शात, बेसावध असताना. साठच्या स्पीडला वेग दुप्पट, पण जोर चौपट. कुठल्याच आईचे हात तेवढे पुरत नाहीत, माया कितीही असो. आईने बेल्ट लावला नसेल, तर तिचं स्वतःचं वजनही बाळावरच येतं. आणि दोघांना मिळून एकच बेल्ट लावणं सगळ्यात वाईट, कारण मग बाळ आई आणि पट्टा यांच्यामध्ये चिरडतं.

उलटं तोंड, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला, का? तर बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, लांबीच्या जवळजवळ पाव, आणि मान कोवळी. पुढे तोंड असेल तर धडकेत खांदे पट्ट्यांनी थांबतात, डोकं तसंच पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोरं बसलेल्या बाळाचं डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीवर टेकतं. चाइल्ड सीटसाठीच्या युरोपातल्या आर 129 नियमात निदान पंधरा महिन्यांपर्यंत पाठमोरं बसवणं सक्तीचं आहे. माझ्या मते सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवावं. पाय दुमडले तर दुमडू देत. फक्त एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर पाठमोरी सीट कधीच नको. ती एअरबॅग उघडली तर थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

पैशांचं तुमचं म्हणणं मात्र मला पटतं. महाग म्हणजे सुरक्षित असं काही नाही. आर 44 (आर 129च्या आधीचा नियम) किंवा आर 129 लिहिलेलं, गोलात ई असलेलं केशरी लेबल बघा. कप होल्डर आणि मखमली कापड याला महत्त्व नाही. भाच्याची जुनी सीट घ्यायलाही हरकत नाही, अपघातात सापडली नसेल आणि तिची मुदत संपली नसेल तर. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन सेकंडहँड मात्र मी घेणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आलंय: चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड. पण हजार रुपये वाचवायला कोणी सीट घेत नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

खरी गोची सीट बसवण्यात असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघते, सीट ऐटीत ठेवलेली असते आणि हात लावला की डुगडुगते. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. इंचभराहून जास्त हलायला नको. पाठमोऱ्या सीटचे पट्टे खांद्याच्या उंचीवर किंवा जरा खाली हवेत, आणि खांद्यापाशी पट्ट्याची चुणी चिमटीत येता कामा नये. डिसेंबरात सकाळी बाळाला जाड स्वेटर घालून वर पट्टे बांधतात, ते चुकतं. स्वेटर दाबला जातो आणि पट्टे सैल पडतात. स्वेटर काढा, पट्टे आवळा, वरून शाल द्या. एप्रिलात उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल चटका देतं, आधी हात लावून बघा. निम्मं रडणं तिथेच थांबतं. उरलेल्या रडण्यावर माझ्याकडे उपाय नाही. लांबच्या प्रवासात मध्ये थांबून बाळाला बाहेर काढा, आणि घरी पोचल्यावर त्याच सीटमध्ये झोपवून ठेवू नका, मान पुढे पडून श्वास अडू शकतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: लेक अमेरिकेहून सीट आणतेय, इथे चालेल का? गाडीत आयसोफिक्सचे हुक (चाइल्ड सीट अडकवायला गाडीच्या सीटमध्येच दिलेले) असतील तर बहुतेक चालेल; तिथल्या सीटचे खालचे पट्टे त्यात अडकतात. नुसत्या बेल्टवर बसवायची असेल तर जपून. तिथल्या गाड्यांचा बेल्ट पूर्ण ओढला की जागीच लॉक होतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा तसा होत नाही. म्हणून सीटलाच बेल्ट पकडणारी क्लिप आहे का, हे लेकीला विमानात बसायच्या आधी मॅन्युअलमध्ये बघायला सांगा. नसेल तर सीट इथेच घ्या.