‘तीन दिवसांत एवढंच लंडन?’ – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. तुम्ही नुसती टीका केली नाहीत, तर स्वतःचा कार्यक्रमही दिलात, आणि ऑक्टोबरमध्ये पत्नी आणि ६८ वर्षांच्या आईंना घेऊन खरोखरच निघणार आहात.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लंडनच्या पहिल्या भेटीसाठी मी तीन दिवस सुचवले होते: एक दिवस थेम्सच्या काठाने चालत, एक दिवस टॉवर ऑफ लंडन आणि ग्रिनिच, आणि एक दिवस ब्रिटिश म्युझियम आणि डॉ. आंबेडकर राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘लाखांनी पैसे घालून जायचं आणि दिवसाला दोन ठिकाणं बघायची? टूरवाले एका दिवसात अख्खं लंडन दाखवतात. विंडसर नाही, स्टोनहेंज नाही, शेजारचं पॅरिस नाही, आणि एका घरासाठी अर्धा दिवस! परत कोण जाणार आहे?’

परत कोण जाणार आहे, हे तर मला पूर्ण मान्य आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या आईवडिलांसाठी ही एकच खेप असते. ते मनात धरूनच मी यादी छोटी केली.

माझे आईबाबा माझ्याबरोबर लंडनला आले तेव्हा आम्ही एका दिवसाची बस घेतली होती, तुम्ही म्हणता तशीच. माणसं भली होती, वेळ पाळणारी होती. दिवसभरात अकरा ठिकाणं ‘झाली’. टॉवरपाशी बस पाच-सात मिनिटं थांबली आणि आई नेमकी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसली होती. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘कोहिनूर पाहिलात का हो?’ आई म्हणाली, ‘तिथून गेलो होतो आम्ही.’ आज आईचे गुडघे तिला जिना चढू देत नाहीत. तो दिवस मी तिला परत देऊ शकत नाही. म्हणून या बाबतीत मी आग्रहाने लिहिते, आणि तो आग्रह तुम्हाला उद्धट वाटला असेल तर माफ करा.

आता तुमचा रविवार घेऊ. तुम्ही लिहिलंय: सकाळी टॉवर, मग सेंट पॉल्स, वेस्टमिन्स्टर ॲबी, मादाम तुसाँ, ब्रिटिश म्युझियम आणि संध्याकाळी हॅरॉड्स. रविवारी सेंट पॉल्स आणि ॲबी ही दोन्ही चर्चं पर्यटकांना बंद असतात. प्रार्थनेला कुणीही विनामूल्य बसू शकतं, पण फिरून बघता येत नाही. ब्रिटिश म्युझियम पाचला बंद होतं. आणि इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडं ठेवायची परवानगी आहे, तेही संध्याकाळी सहापर्यंतच. १९९४ पासूनचा कायदा आहे तो. म्हणजे सहापैकी दोन दारं दिवसभर बंद आणि शेवटचं दुकान तुम्ही पोचेपर्यंत बंद झालेलं.

बरं, समजा सगळं उघडं आहे. दहा ते सहा म्हणजे ४८० मिनिटं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला, स्टेशनपर्यंतचं चालणं धरून, सरासरी ३५ मिनिटं धरा. पाच वेळा हलायचं म्हणजे १७५. प्रत्येक दारात बॅग तपासणी आणि रांग मिळून २० मिनिटं, म्हणजे १२०. जेवणाला पाऊण तास. उरली १४० मिनिटं. सहा ठिकाणांना वाटली तर प्रत्येकी २३.

२३ मिनिटांत टॉवरमध्ये काय होतं? तिथले योमन वॉर्डर, म्हणजे लाल-निळ्या पोशाखातले रक्षक, तिकिटातच पाऊण-एक तास सगळा परिसर हिंडून दाखवतात, गोष्टी सांगतात. विल्यम द कॉन्कररने अकराव्या शतकात सुरू केलेला व्हाइट टॉवर आहे. आणि ज्वेल हाउस. कोहिनूर तिथे राणी एलिझाबेथच्या आईसाठी १९३७ मध्ये घडवलेल्या मुकुटात आहे. १८४९ मध्ये पंजाबच्या अल्पवयीन महाराजा दुलीपसिंगांकडून तो तहाच्या कलमाने घेतला गेला आणि १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडताना तो १८६ कॅरेटवरून जेमतेम १०५ वर आला. मुकुटांच्या कपाटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहिलं की हिरा अर्ध्या मिनिटात मागे पडतो. सकाळी दार उघडताच थेट ज्वेल हाउसला गेलं तर गर्दी नसते आणि वळसा घालून पुन्हा पट्ट्यावर उभं राहता येतं. दुपारी रांगच इतकी मोठी असते की तेवढं त्राण उरत नाही. फोटो काढू देत नाहीत, तेव्हा जे काय बघायचं ते डोळ्यांनीच. आईंना तिथे तीन वेळा फिरू द्या.

विंडसरचा राजवाडा सुंदर आहे, मला आवडतो. पण मध्य लंडनहून जायला तास, यायला तास. रविवारी तिथलं सेंट जॉर्जेस चॅपल, जिथे २०२२ मध्ये राणी एलिझाबेथचं दफन झालं, तेही फक्त प्रार्थनेपुरतं उघडं असतं. स्टोनहेंजचे ते प्राचीन उभे दगड तर सुमारे १४० किलोमीटर दूर. तीन दिवसांतला एक दिवस बसमध्ये जाईल. पॅरिसचं उत्तर आणखी सोपं आहे. लंडनहून रेल्वेने ते सव्वादोन-अडीच तासांवर आहे हे खरं, पण ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा, म्हणजे कागदपत्रं वेगळी, शुल्क वेगळं, अपॉइंटमेंट वेगळी. पॅरिसला त्याची स्वतःची खेप द्या.

आता ते घर. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य मला लागलं. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास, ग्रेज इनमध्ये कायद्याचं शिक्षण, आणि दिवसचे दिवस ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रंथालयात. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आपल्या सगळ्यांच्या पैशातून. बाहेरच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे. मी ब्रिटिश म्युझियम आणि हे घर एकाच दिवशी ठेवलं त्यामागे विचार होता. म्युझियमच्या मधल्या काचेच्या छताच्या चौकात गोल वाचनालयाची इमारत उभी आहे. आधी ती बघायची, आणि मग ज्या रस्त्याने तो तरुण विद्यार्थी खोलीवर परतत असेल त्या भागात जायचं. म्युझियममधली प्राचीन इजिप्तची रोझेटा शिळा जगभरचे लोक बघतात, तुम्हीही जरूर बघा. पण मराठी माणसाला लंडनमध्ये आपलं म्हणावं असं जे थोडं आहे, त्यात हे घर फार वर आहे. त्या घरातलं संग्रहालय कुठल्या दिवशी, किती वाजता उघडं असतं ते निघण्याआधी पाहून ठेवा.

एका मुद्द्यावर मात्र तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. तुम्ही विचारलंत, ‘दहा तासांच्या विमानप्रवासानंतर म्हातारी माणसं चार किलोमीटर चालणार?’ नाही चालणार. वेस्टमिन्स्टर ब्रिजपासून टॉवर ब्रिजपर्यंतचा नदीकाठचा रस्ता मी माझ्या पायांनी मोजून लिहिला होता. ज्येष्ठांचा विचार त्यात नव्हता. तो भाग मी बदलते आहे. भुयारी रेल्वेबद्दलही इशारा द्यायला हवा होता. ती १८६३ पासूनची, तेव्हा बऱ्याच स्टेशनांत अजूनही जिन्याशिवाय गत्यंतर नाही. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग टाळायला लोक गोल जिना धरतात आणि तो १९३ पायऱ्यांचा निघतो. आईंना घेऊन बसनेच फिरा. सगळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत, व्हीलचेअरसाठी उतरता फळा आहे. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवायचं, आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच कापलं जातं. १५ नंबरची बस ट्रफाल्गर स्क्वेअरहून फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवरपर्यंत जाते. त्या एका फेरीत जुनं लंडन बरंचसं बसल्याजागी दिसतं.

तुम्ही शनिवारी सकाळी उतरणार आणि मंगळवारी सकाळी निघणार, असं धरून तुमच्यासाठी मी हे असं बदलेन. शनिवारी सामान हॉटेलात ठेवा (खोली बहुधा दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही), वेस्टमिन्स्टरला पार्लमेंट आणि बिग बेन बाहेरून बघा, समोरच्या चौकात २०१५ मध्ये बसवलेला गांधीजींचा पुतळा आहे. मग सेंट जेम्स पार्कात बाकावर बसा. तळ्यात पेलिकन आहेत. त्या दिवशी तेवढंच. आपल्या घड्याळाने मध्यरात्र झालेली असते, लवकर झोपा. रविवारी टॉवर उघडताच आत. दुपारी टॉवरच्या धक्क्यावरून बोटीने ग्रिनिच. बोटीलाही बसचंच कार्ड चालतं. वेधशाळेची टेकडी चढाची आहे, आईंना खाली कटी सार्क जहाजापाशी बसवून तुम्ही दोघं वर जाऊन या. येताना बोटीने थेट वेस्टमिन्स्टरपर्यंत या, म्हणजे मी पायी चालायला सांगितलेला सगळा काठ आईंना पाण्यावरून दिसेल, टॉवर ब्रिजच्या खालून जाताना तर मान वर करून. सोमवारी सकाळी ॲबी, तिकीट आधी काढून. तिथे न्यूटन आणि डार्विन यांच्या कबरी आहेत, १०६६ पासूनचे राज्याभिषेक तिथेच झाले. दुपारी दोन तास ब्रिटिश म्युझियम, नंतर किंग हेन्रीज रोड.

त्या घरापासून प्रिमरोज हिल चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. चढ सौम्य आहे, वाटेत बाकं आहेत, आणि वरून सेंट पॉल्सच्या घुमटापासून लंडन आयपर्यंत सगळं शहर एका नजरेत येतं. वेळ मात्र सांभाळा. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग पावणेपाचलाच अंधारायला लागतं. तुमच्या तारखा कोणत्या आठवड्यातल्या आहेत ते लिहिलं नाहीत. शेवटचा आठवडा असेल तर सोमवारी आधी घर आणि टेकडी घ्या, म्युझियम मागून. तारखा कळवा, मी वेळा पुन्हा लावून देते.