महिन्याचं नको, वर्षाचं बजेट करा

घरखर्चाचं बजेट कोलमडलं की सगळे आधी छोट्या खर्चांकडे बोट दाखवतात. बाहेरचं खाणं, एखादा सिनेमा, ऑनलाइन मागवलेली एखादी वस्तू. मला हे अजिबात पटत नाही. या समजुतीपायी कितीतरी काटकसरी माणसं स्वतःला उधळी समजून मनाला लावून घेतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

बहुतेक घरांची तोंडमिळवणी बिघडते ती वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या मोठ्या खर्चांमुळे. विम्याचा हप्ता, मुलांची फी, गाडीची सर्व्हिसिंग, घराचा कर, दातांचं काम, जवळच्या कुणाचं लग्न, बंद पडलेला फ्रिज. यातले बरेचसे खर्च आपल्याला आधीपासून ठाऊक असतात. विम्याची तारीख तर पॉलिसीवर छापलेलीच असते! तरीही तो महिना आला की आपण म्हणतो, "या महिन्यात जरा जास्तच खर्च झाला." असे 'जरा जास्त' खर्चाचे महिने वर्षभरात मोजून बघा. साधे महिने फार थोडे उरतात.

दर महिन्याचा जमाखर्च चोख लिहिणाऱ्यांचंही इथेच चुकतं, कारण त्यांच्या वहीत एक सरासरी महिना असतो आणि तसा महिना सहसा येतच नाही.

माझा आग्रह आहे की बजेटला बसताना मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोर घ्यावं आणि दरमहा न येणारे खर्च तेवढे वेगळे काढावेत. त्यांची बेरीज करा, बाराने भागा. येणारा आकडा हा भाड्याइतकाच पक्का मासिक खर्च आहे. वर्षाचा हप्ता २४,००० असेल तर दरमहा २,००० आपण खर्च करतोच आहोत, फक्त अजून कुणी मागितलेले नाहीत. ही रक्कम पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात गेली पाहिजे. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं, तर उरत नाही.

दुसरं खातं कशासाठी, असं बरेच जण विचारतात. हाताशी असलेला पैसा वळवला जातो, म्हणून. अठराव्या शतकात ब्रिटिश सरकारने राष्ट्रीय कर्ज फेडायला असाच राखीव निधी उभा केला होता. ठरलेल्या देण्यासाठी आधीपासून साठवत जायच्या अशा निधीला सिंकिंग फंड म्हणतात, ते नाव तिथलंच. पण १७३३ मध्ये सरकारचा प्रमुख रॉबर्ट वॉलपोलने त्यातलीच रक्कम चालू खर्चाकडे वळवली. एका सरकारला जो मोह आवरला नाही, तो घरातल्या माणसांना आवरेल अशी अपेक्षा कशाला ठेवायची? पैसे नजरेआडच असलेले बरे.

मात्र हा निधी म्हणजे आणीबाणीची गंगाजळी नव्हे. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, तर तीन ते सहा महिन्यांचा आवश्यक खर्च निघेल एवढी शिल्लक निराळीच हवी. शाळेची फी ही काही आणीबाणी नाही. दोन्ही पैसे एकत्र ठेवले की फी भरताना गंगाजळी आटते आणि खरं संकट येतं तेव्हा क्रेडिट कार्ड काढावं लागतं. कार्डावर दरमहा ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण बाकी तशीच राहिली तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. एका चुकलेल्या वार्षिक हप्त्याची भरपाई मग पुढचं वर्षभर करत बसायचं.

हिशेबातली आणखी एक गळती सांगते. आठवड्याचा खर्च चारने गुणून आपण महिन्याचा आकडा काढतो. बारा महिन्यांचे झाले ४८ आठवडे. वर्षात आठवडे असतात ५२. म्हणजे चार आठवड्यांचा किराणा आणि पेट्रोल बजेटमध्ये धरलेलंच नसतं! आठवड्याचा खर्च ५२ ने गुणून बाराने भागा.

५०-३०-२० चा नियम सध्या सगळीकडे दिसतो. अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने २००५ मध्ये तो लोकांपुढे मांडला. गरजांना निम्मं, हौसेला ३० टक्के, बचत आणि कर्जफेडीला २० टक्के. सुरुवात करायला बरा आहे, पण तो सरसकट सगळ्यांना लावू नये. उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला अन्नावरचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं. ज्याच्या कमाईतले ७० टक्के गरजांवरच जातात, त्याला 'तुझं प्रमाण चुकलं' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने वार्षिक खर्चांसाठी थोडं जरी बाजूला काढलं तरी ते उत्तम बजेट आहे.

लिहायचं कशात, याला मी फार महत्त्व देत नाही. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही काढली. काकेइबो नावाच्या त्या पद्धतीत आज खर्चाचे जे चार कप्पे सांगतात, त्यातला एक अवांतर खर्चांसाठी राखलेला असतो, आणि मला तोच सगळ्यात शहाणा वाटतो. वही घ्या, एक्सेल घ्या, ॲप घ्या. फक्त वर्षातून एकदा आकडे नव्याने मांडा. महागाई ६ टक्क्यांच्या आसपास राहिली तरी खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो, त्यामुळे जुने आकडे फार काळ उपयोगी पडत नाहीत.

आणि कृपा करून हे काम एकट्याने करू नका. कितीतरी घरांत एकजण कमावतो, दुसरा खर्च सांभाळतो, आणि विम्याची तारीख तिसऱ्याच कुणाला माहीत असते. वार्षिक खर्चांची यादी नवरा-बायकोने एकत्र बसून करावी, समजत्या वयाच्या मुलांनाही शेजारी बसवावं. एकाला आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं. पैसे कुठल्या खात्यात आहेत, त्यातून काय भरायचं आहे आणि कधी, हे घरातल्या किमान दोघांना माहीत असलंच पाहिजे.